दिवाण कितीही कर्तबगार असला तरी

१० सप्टेंबर २०२० रोजी बेंगळुरू महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे गेला. करोनाची साथ जोरात होती, त्यामुळे निवडणूक काही महिने लांबणार हे लोकांनी समजून घेतले. साथ ओसरली. २०२३मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, २०२४मध्ये लोकसभेची झाली. महापालिकेची मात्र झाली नाही. प्रभाग किती असावेत, आरक्षण कसे ठरवावे, यावर सरकार आणि न्यायालय यांच्यात फाइली फिरत राहिल्या. शेवटी महापालिकाच मोडली गेली. १५ मे २०२५पासून बृहत् बेंगळुरूचा नवा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी एकीच्या जागी पाच महापालिका उभ्या राहिल्या. २०२५ साल संपले तरी त्या पाचांपैकी एकीतही लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता.

ज्या प्रदेशात हे घडले, तिथे १८८१मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेच्याही चार वर्षे आधी, प्रजेच्या प्रतिनिधींची सभा भरली होती. त्या सभेचा पुढचा इतिहास आज बेंगळुरूत आणि मुंबई-पुण्यातही नीट वाचायला हवा. अधिकारी कर्तबगार असले की लोकप्रतिनिधींवाचून चालते, हा समज अनेकांच्या मनात घर करून आहे. तो तपासून पाहण्याची म्हैसूर संस्थानाइतकी चांगली संधी भारतात क्वचितच कुणाला मिळाली असेल. त्या संस्थानाला एकापेक्षा एक सरस दिवाण लाभले. तरीही तो समज तिथे खरा ठरला नाही.

१८३१मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार वोडेयार राजांकडून काढून घेतला आणि पुढची पन्नास वर्षे ब्रिटिश आयुक्तांनी तो बेंगळुरूतून चालवला. मार्क कब्बन आणि ल्युइन बोरिंग ही त्यांतली दोन ठळक नावे. कब्बन पार्कलगतची लाल रंगाची अट्टार कचेरी, जिथे आज कर्नाटकचे उच्च न्यायालय आहे, ती १८६०च्या दशकात सरकारी खात्यांसाठीच बांधली गेली. कारभार शिस्तीचा होता. पण १८७६ ते १८७८च्या दुष्काळात म्हैसूरची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. २५ मार्च १८८१ रोजी तरुण चामराजेंद्र वोडेयारांच्या हाती राज्य परत आले, ते या दुष्काळाने खचलेले राज्य होते.

या परत मिळालेल्या राज्याचे पहिले दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रजाप्रतिनिधी सभेचा हुकूम काढला आणि ७ ऑक्टोबर १८८१ला, दसऱ्याच्या निमित्ताने, म्हैसूरला ती भरली. १४४ जण आले होते. तालुक्यातालुक्यांतून जमीनदार रयत आणि जिल्ह्याच्या गावांतून व्यापारी बोलावले गेले होते. त्यांना लोकांनी निवडले नव्हते, स्थानिक अधिकाऱ्यांनी निवडून पाठवले होते. दिवाणाने वर्षभराच्या कारभाराचे निवेदन वाचायचे आणि सभासदांनी आपापल्या भागाच्या अडचणी मांडायच्या, अशी रीत पडली. फुटलेला तलाव, न झालेला रस्ता, जंगलखात्याचा जाच, साऱ्याचा बोजा हे त्यांचे विषय. सभेला कायदा करता येत नव्हता आणि एक रुपयाही नामंजूर करता येत नव्हता.

तरी तिचे मोल कमी लेखू नये. राज्याचा सर्वोच्च अधिकारी वर्षातून एकदा रयतेसमोर उभा राहून जमाखर्च सांगतो, ही गोष्ट तेव्हाच्या हिंदुस्थानात, इंग्रजी मुलखात काय आणि संस्थानांत काय, दुर्मीळ होती. शेषाद्री अय्यर यांच्या काळात १८९१मध्ये सभासद निवडून येऊ लागले. मतदार मात्र मालमत्तेच्या अटीत बसणारे मोजकेच होते.

पुढच्या टप्प्याशी एका मराठी घराण्याचे नाव जोडलेले आहे. १९०७मध्ये म्हैसूरला न्यायविधायक सभा, म्हणजे कायदे करणारे मंडळ मिळाले, तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव. पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. ते कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातले. त्यांच्या मागून १९०९मध्ये आलेले टी. आनंदराव हेही तंजावरी मराठीच. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या सर टी. माधवरावांचे ते चिरंजीव. महाराष्ट्राबाहेर मराठी माणसाने कारभाराची जी परंपरा उभी केली, तिच्यातली ही माणसे. त्यांच्याबद्दल अभिमान जरूर बाळगावा, पण त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्या माधवरावांच्या कारकिर्दीत कायदेमंडळ आले, त्याच कारकिर्दीत १९०८चा वृत्तपत्र कायदा आला. सरकारच्या परवानगीवाचून पत्र काढता येईना, आणि म्हैसूरच्या काही स्वाभिमानी संपादकांनी आपली पत्रे बंद करणे पत्करले. सभेत प्रतिनिधीला बोलू द्यायचे आणि सभेबाहेर छापणाऱ्याचे तोंड बांधायचे, असा हा कारभार. कितीही मोठ्या मनाच्या अधिकाऱ्याने दिलेला हक्क त्याच्याच मर्जीवर टिकतो. मर्जी फिरली की हक्क आक्रसतो.

आनंदरावांनंतर १९१२मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेल्या आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवणाऱ्या या माणसाची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. त्यांच्या सहा वर्षांत म्हैसूर बँक आली, विद्यापीठ आले, कृष्णराजसागराचे काम पुढे सरकले, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पाया पडला. अधिकाऱ्याने किती करावे याचा हा नमुनाच.

पण याच काळात एक प्रश्न पेटला आणि तो या कर्तबगारीला दिसला नव्हता. संस्थानातल्या बहुतेक सरकारी नोकऱ्या ब्राह्मणांच्या हाती होत्या. १९१७मध्ये प्रजामित्र मंडळी ही ब्राह्मणेतरांची संघटना उभी राहिली आणि तिचे शिष्टमंडळ थेट महाराजा कृष्णराज वोडेयारांना भेटले. महाराजांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली. १९१९च्या तिच्या अहवालाने सांगितले की सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्यांपैकी दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांना मिळाव्यात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२मध्ये जे केले, त्याच वाटेवरचे हे पाऊल. गुणवत्ता हाच निकष असावा असे मानणाऱ्या विश्वेश्वरय्यांना ही वाट मुळातच पटली नव्हती. मतभेद वाढले आणि अहवाल येण्याआधीच, १९१८च्या अखेरीस, त्यांनी पद सोडले.

विश्वेश्वरय्यांच्या सचोटीबद्दल कुणी शंका घेऊ नये. इथे मुद्दा वेगळा आहे. कार्यक्षमता म्हणजे काय, ती कुणासाठी, आणि फळ कुणाच्या पदरात पडते, हे ठरवण्याचा अधिकार फक्त कार्यक्षम माणसांकडे ठेवला की राज्यातल्या बहुसंख्यांचा प्रश्नच कागदावर येत नाही. आणि मालमत्तेच्या अटीवर भरलेल्या सभेलाही तो पुरता मांडता आला नाही. ज्यांना सभेत जागा नव्हती, त्यांना राजवाड्याचे दार ठोठावावे लागले.

१९२३मध्ये म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील यांच्या समितीनुसार सुधारणा झाल्या. प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचा आधार मिळाला, स्त्रियांच्या मताधिकारावरची बंदी उठली, न्यायविधायक सभा ५० जणांची झाली आणि अंदाजपत्रकातल्या मागण्यांवर तिला मत देता येऊ लागले. तरी सभेने नाकारलेला खर्च पुन्हा घालण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. दोन्ही सभांचा अध्यक्ष दिवाणच. त्याला प्रश्न विचारता येत होते, घरी पाठवता येत नव्हते.

मिर्झा इस्माईल यांनी १९२६ ते १९४१ असा प्रदीर्घ काळ दिवाणगिरी केली. बेंगळुरूची उद्याने आणि चौक, कारखाने आणि रुग्णालये यांवर त्यांची छाप आजही आहे. पण त्यांच्याच काळात, एप्रिल १९३८मध्ये, मंड्याजवळच्या शिवपुरात काँग्रेसचा झेंडा फडकवण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि २५ एप्रिलला विदुराश्वत्थ या गावी झेंड्यासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अनेक माणसे मेली. सरदार पटेल आणि आचार्य कृपलानी यांना धावून यावे लागले, तेव्हा तोडगा निघाला. सुंदर शहर घडवणाऱ्या कारभाराला स्वतःच्या प्रजेने हातात धरलेला झेंडा मात्र सोसवला नाही.

१९४७मध्ये तर चित्र अगदी स्पष्ट झाले. तेव्हाचे दिवाण आर्काट रामस्वामी मुदलियार हे जगन्मान्य गृहस्थ होते. १९४६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. म्हैसूरने भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली होती, पण राज्यकारभार लोकांच्या हाती द्यायची तयारी नव्हती. १ सप्टेंबरला ‘म्हैसूर चलो’ची हाक दिली गेली. काँग्रेसचे के. सी. रेड्डी आणि इतर पुढारी तुरुंगात गेले, शाळा-महाविद्यालये ओस पडली. म्हैसूर शहरात गोळीबारात मारल्या गेलेल्या रामस्वामी या विद्यार्थ्याचे नाव तिथल्या चौकाला आजही आहे. १२ ऑक्टोबरला समझोता झाला आणि २५ ऑक्टोबर १९४७ रोजी रेड्डी मुख्यमंत्री झाले. बोलण्याचा हक्क १८८१मध्ये मिळाला, पैशाला नाही म्हणण्याचा अर्धामुर्धा हक्क १९२३मध्ये, आणि कारभारी बदलण्याचा हक्क १९४७मध्ये. ६६ वर्षे लागली, आणि शेवटचा हक्क कुणी राजीखुशीने दिला नाही.

ही केवळ एका संस्थानाची कथा नाही. इंग्रजी साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन भागातल्या वसाहतींत, हीच पायरी-पायरीची चढण दिसते. अधिकारी सभासद, नेमलेले सभासद आणि निवडलेले सभासद अशी तीन जातींची कायदेमंडळे तिथेही होती. जमैकात १८६५च्या मोरँट बेच्या उठावानंतर जुनी निवडलेली सभाच मोडीत निघाली. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक व्हायला १९४४ उजाडले, स्वातंत्र्याला १९६२. ब्रिटिश गयानाचा दाखला तर आपल्याला अधिक जवळचा. तिथल्या ऊसमळ्यांवर १८३८पासून भारतीय मजूर नेले गेले होते. त्यांच्याच वंशातले चेदी जगन यांच्या पक्षाने एप्रिल १९५३च्या निवडणुकीत २४पैकी १८ जागा जिंकल्या. नव्या राज्यघटनेने मंत्री दिले, पण गृह, अर्थ आणि कायदा ही खाती गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच ठेवली. गव्हर्नरचा नकाराधिकारही शाबूत होता. निवडून आलेले मंत्री खरेच कारभार करू पाहतात असे दिसताच १३३ दिवसांत इंग्रज फौजा उतरल्या आणि घटनाच गुंडाळली गेली. जगन आणि त्यांचे सहकारी फोर्ब्स बर्नहॅम पाठिंबा मागत भारतातही येऊन गेले. म्हैसूर असो की ब्रिटिश गयाना, सभागृह देताना तिजोरीच्या किल्ल्या अधिकाऱ्याच्या कमरेलाच राहिल्या.

दुसरी वाट शक्य होती का? होती, आणि ती मराठी मुलखातच चालून दाखवली गेली. साताऱ्याकडचे औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान. बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम केलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन तिथल्या राजपुत्र आप्पासाहेब पंतांच्या सहवासात आले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता सोडण्याची तयारी दाखवली आणि गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. गावात निवडलेली पंचायत, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, आणि तिथून वर संस्थानाचे विधिमंडळ, अशी ती रचना होती. म्हैसूरने वरून खाली हक्क झिरपू दिले. औंधने पाया गावात घातला. औंध लहान होते, त्याचे अनुभव जसेच्या तसे मोठ्या राज्याला लागू पडले नसते, हे खरे. पण लोक अजून तयार नाहीत, ही सबब पुढे करून थांबण्याची गरज नव्हती एवढे त्याने सिद्ध केले.

आता आजच्या बेंगळुरूकडे वळू. हे पहिल्यांदा घडलेले नाही. नोव्हेंबर २००६ ते मार्च २०१० या काळातही शहराला निवडलेले सभागृह नव्हते. २०२०नंतरच्या पर्वात सप्टेंबर २०२२चा पूर आला. बेळ्ळंदूर आणि महादेवपुराकडच्या वस्त्यांतून माणसे ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडली. २०२४च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या आणि टँकरचे दर गगनाला भिडले. या दोन्ही वेळी आपल्या गल्लीची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जावे असा निवडलेला माणूस प्रभागात नव्हता. विधानसभेच्या एका आमदाराच्या मतदारसंघात काही लाख माणसे राहतात. तुंबलेल्या गटारासाठी त्याला गाठणे सामान्य भाडेकरूच्या आवाक्यातले नाही. २०१५च्या निवडणुकीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या. सभागृहच नाही म्हटल्यावर त्या जागाही गेल्या.

महाराष्ट्राने या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका जवळपास चार वर्षे एका अधिकाऱ्याच्या सहीवर चालली. अंदाजपत्रक त्यानेच मांडायचे आणि त्यानेच मंजूर करायचे. १९२३च्या म्हैसूरमध्ये निदान त्यावर मत तरी घेतले जात होते.

यावर ठरलेले उत्तर मिळते. नगरसेवक भ्रष्ट असतात, टक्केवारी खातात, प्रशासक असला की कामे झटपट होतात. नगरसेवकांबद्दलची चीड खोटी नाही आणि ती झटकून टाकू नये. पण भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येते. प्रशासकाची बदली होते, आणि ती कुणाच्या इच्छेने होते हे नागरिकाला कधी कळत नाही. सभागृह नसले की कंत्राटे थांबत नाहीत, त्यांवर जाहीरपणे प्रश्न विचारणारा विरोधी पक्ष तेवढा नाहीसा होतो. शिवाय बेंगळुरूत पाणी जलमंडळाकडे, मेट्रो वेगळ्या कंपनीकडे. नव्या रचनेत पाच महापालिकांच्या डोक्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचे प्राधिकरण. उद्या नगरसेवक आले तरी मोठे निर्णय त्यांच्या हाती किती येणार, हा प्रश्न उरतोच.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने सांगितले आहे की मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये अहमदाबादच्या खटल्यात हेच बजावले. तरीही पळवाट सापडते, कारण प्रभागरचना आणि आरक्षणाची यादी राज्य सरकारच्या हातात असते. ती लांबवली की निवडणूक आपोआप लांबते. केरळने हा रस्ता बंद केला आहे. तिथे प्रभागरचना राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो. म्हणूनच ज्या डिसेंबर २०२०मध्ये बेंगळुरूत करोनाचे कारण पुढे केले जात होते, त्याच डिसेंबरात केरळमध्ये स्थानिक निवडणुका पार पडल्या, आणि पाच वर्षांनी, डिसेंबर २०२५मध्ये, पुन्हा झाल्या.

कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी आपल्या कायद्यांत तीन गोष्टी घालाव्यात. प्रभागरचना आणि आरक्षणाचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे द्यावे आणि ते मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पुरे करण्याचे बंधन घालावे. प्रशासकाची कारकीर्द सहा महिन्यांपुढे जाऊ नये. आणि प्रशासकाला नवा कर लावता किंवा अनेक वर्षांचे मोठे कंत्राट करता येऊ नये. पाणी, रस्ते आणि नियोजन यांच्या संस्था महापौराला उत्तर देतील अशी रचना हे त्यापुढचे काम, पण ते निवडलेला महापौर आल्यावरच सुरू होईल.

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी मतदारांनी आपले नाव शहराच्या मतदारयादीत आहे की नाही हे आधी पाहावे. मुंबई-पुण्याच्या मतदारांनी आपल्या आमदाराला विचारावे की पुढची मुदत संपेल तेव्हा निवडणूक वेळेवर होईल याची तरतूद कायद्यात कधी करणार. उत्तर लेखी मागावे आणि ते मिळेपर्यंत विचारत राहावे.